टाइल लागण्याआधी: बाथरूमच्या पाइपकामातले घातक शॉर्टकट आणि त्याऐवजी काय करायचं

भिंतीत गाडलेला पाइप गळायला लागला की खर्च पाइपाचा नसतो. चिल्लर किमतीचा एक एल्बो (पाइप वळवायचा तुकडा) बदलण्यासाठी टाइल फुटते, तिच्यामागचं प्लास्टर फुटतं, वॉटरप्रूफिंग फाटतं आणि फ्लॅट असेल तर खालच्या घराच्या छताचा रंगही आपल्यालाच करून द्यावा लागतो. वर त्या शेडची टाइल दोन वर्षांनी बाजारात मिळत नाही, हा आणखी वेगळा ताप.

यातल्या बहुतेक गळत्यांचं मूळ कामाच्या दिवशीच पडलेलं असतं. कुणीतरी अर्धा तास वाचवलेला असतो. प्लंबरला त्या दिवशी दुसरी साइट असते, गवंडी टाइलसाठी खोळंबलेला असतो आणि घरमालकाला घर लवकर मोकळं हवं असतं. त्यामुळे हा लेख प्लंबरला शिकवण्यासाठी नाही. काम काढणाऱ्याने कुठे उभं राहून बघायचं आणि कुठे ‘थांबा’ म्हणायचं, त्यासाठी आहे. उदाहरण घेतलंय आपल्याकडच्या नेहमीच्या कामाचं: वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतलं बाथरूम, आत जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) गंजलेले पाइप, ते काढून सीपीव्हीसीचे (गरम पाणीही पेलणाऱ्या प्लास्टिकचे) टाकायचे आहेत.

१. दर ठरवतानाच टेस्टचं बोलून घ्या

पॉइंटवर, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक जोडणीमागे दर ठरतो, तेव्हाच दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. एक, टाइलच्या आधी, लाइनमध्ये पाणी दाबून भरणारा छोटा हातपंप लावून प्रेशर टेस्ट होईल. दोन, मजुरीचा मोठा हप्ता त्या टेस्टनंतर मिळेल. हे आधी बोललं तर कुणाला राग येत नाही. काम झाल्यावर टेस्ट मागितली की ‘साहेब, विश्वास नाही का?’ हे ऐकावं लागतं.

२. माल: पांढरा आणि क्रीम यातला फरक

पांढरा यूपीव्हीसी (साध्या कडक प्लास्टिकचा पाइप) थंड पाण्यासाठी. फिकट पिवळसर, क्रीम रंगाचा सीपीव्हीसी गरम-थंड दोन्हीसाठी. पहिला शॉर्टकट इथेच मारला जातो: गरम पाण्याची लाइन चार फुटांचीच आहे म्हणून उरलेला पांढरा तुकडा मारून दिला जातो. गिझरचा थर्मोस्टॅट साधारण ७० ते ७५ अंशांवर वीज तोडतो, म्हणजे पाणी तिथपर्यंत तापतं. यूपीव्हीसी पंचेचाळीस अंशांच्या पुढे दाबाच्या कामाचा राहत नाही. मऊ पडतो, वाकतो आणि जोडातून सुटतो.

सीपीव्हीसी घेतानाही पाइपावरची छापील ओळ वाचा. त्यावर आयएस १५७७८ (हा भारतीय मानकाचा क्रमांक) आणि एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असं लिहिलेलं असतं. एसडीआर म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास भागिले जाडी, म्हणून तो आकडा लहान तितकी पाइपाची जाडी जास्त. एसडीआर ११ चा पाइप २३ अंशांना सुमारे २८ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब पेलतो, पण ८२ अंशांना तोच पाइप सातच किलोचा राहतो. उष्णतेने ताकद चौथाईवर येते, म्हणूनच कच्चं काम आधी गरम लाइनवर उघडं पडतं. गरम लाइनला आणि प्रेशर पंप असलेल्या घरात एसडीआर ११ च घ्यावा असं माझं मत आहे. पूर्ण बाथरूममध्ये किमतीचा जो फरक पडतो तो एका बऱ्या नळाच्या आत असतो.

सोल्युशनचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाचा, डबासुद्धा बघून घ्या. सीपीव्हीसीचं वेगळं, यूपीव्हीसीचं वेगळं. कालच्या साइटवरून आलेला, घट्ट होऊन जेलीसारखा झालेला डबा थिनर घालून पातळ केला जातो. तसं सोल्युशन जोड धरत नाही. नवा छोटा डबा मागवा आणि तो तुमच्यासमोर उघडू द्या.

३. जुन्या जीआयला हात लावताना

सगळी लाइन बदलली तरी एक जोड जुन्याशी करावाच लागतो, इमारतीच्या उभ्या लाइनवर. इथे घाई केली तर सगळ्या विंगचं पाणी बंद करण्याची वेळ येते. जुना निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) एकाच पान्ह्याने जोर लावून फिरवला की तो सुटत नाही, भिंतीच्या आत आट्यांपाशी तुटतो. दोन पान्हे हवेत: एक मागचा पाइप घट्ट धरायला, दुसरा फिरवायला. सोसायटीच्या मॅनेजरला किंवा वॉचमनला सांगून गच्चीवरचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, आणि तो खरंच बंद होतो का हे नळ उघडून पाहा. जुने गेट व्हॉल्व्ह बरेचदा फिरतात, पण पाणी अडवत नाहीत.

लोखंडी आट्यांवर नुसता प्लास्टिकचा एफटीए (आतून आटे असलेला जोड) चढवणं हा दुसरा शॉर्टकट. लोखंडाचे आटे निमुळते असतात. आवळत गेलं की ते प्लास्टिकला आतून फाकवतात. त्या दिवशी काही दिसत नाही, सहा महिन्यांनी केसाएवढी चीर पडते. जिथे धातू आणि प्लास्टिकची गाठ पडते तिथे पितळी आट्यांचाच एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) किंवा एफटीए वापरायचा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळायची. आवळताना हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने एखादा फेरा पुरतो. सीपीव्हीसीच्या जवळ सफेदा, ग्रीस, ऑइल पेंट काहीच नको. काही तेलं आणि पेस्ट या प्लास्टिकला हळूहळू तडे पाडतात.

४. अर्थिंग: ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं

हा मुद्दा प्लंबरच्या यादीत नसतो आणि इलेक्ट्रिशियनला कुणी बोलावलेलं नसतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

जुन्या चाळी, वाडे आणि कित्येक जुन्या इमारतींत गिझरची किंवा वॉशिंग मशीनची अर्थिंगची वायर सरळ नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असते. पद्धत तेव्हाही चुकीचीच होती, पण पाइप अखंड लोखंडाचा आणि जमिनीत गेलेला, म्हणून वेळ निभावून जायची. आता त्या लाइनमध्ये मधेच दोन फूट प्लास्टिक आलं की अर्थिंग तिथेच तुटलं. गिझरच्या कॉइलला चीर पडून करंट बॉडीत आला, तर त्याला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. तो पाइपाच्या उरलेल्या लोखंडी तुकड्यात, नळात आणि शॉवरमध्ये थांबून राहतो. ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस त्याची वाट होतो.

म्हणून जीआय काढण्याआधी घरातली आणि, शक्य असेल तर, शेजारची कुठली वायर पाइपाला बांधली आहे का ते बघा. गिझरच्या पॉइंटला स्वतंत्र अर्थिंगची वायर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या आणि मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाइपकामाच्या बजेटमध्ये हा खर्च धरलेला नसतो. तो धरावाच लागेल.

५. भिंत फोडताना

विटांच्या भिंतीत कटर मारून खाच करा. छिन्नी-हातोड्याने ठोकत बसलं की पलीकडच्या बाजूचं प्लास्टर सुटतं. चार इंची भिंतीत लांबलचक आडवी खाच शक्यतो टाळावी, उभी घ्यावी.

बीम, कॉलम आणि स्लॅब यांना मात्र हात लावायचा नाही. ‘एक सळईच तर मधे येतेय’ असं म्हणून ती कापून पाइप सरळ नेला जातो, कारण वळसा घेतला तर दोन एल्बो आणि अर्धा तास जास्त लागतो. ती सळई त्या बीमचं वजन उचलण्यासाठीच घातलेली असते. स्लॅबमधून छिद्र पाडणं टळतच नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, कोअर कटिंगवाल्याकडून (मशीनने गोल छिद्र कापून देणाऱ्याकडून).

६. जोड

गळती पाइपात क्वचितच होते, होते ती जोडात. म्हणून कामाच्या दिवशी एक तास जोड करताना उभे राहा.

पाइप कटरने किंवा बारीक दातांच्या ब्लेडने काटकोनात कापायचा. कटरखाली टोकाला चीर गेली तर चीर संपते तिथून आणखी दोन इंच पुढे कापून तो तुकडा टाकून द्यायचा. चीर सोल्युशनने भरत नाही, ती पुढे पळते. कापल्यावर टोकाची कुसं आतून-बाहेरून काढायची. हे शंभरातले नव्वद जण करत नाहीत. ती कुसं आत जाताना सॉकेटमधलं (फिटिंगच्या तोंडातलं) सोल्युशन खरवडून पुढे ढकलतात आणि जोडात कोरडी रेघ राहते.

मग कोरडं बसवून बघायचं. पाइप फिटिंगमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सहज जायला हवा. एकदम तळाला आदळला तर जोड ढिला, आणि सुरुवातीलाच अडला तर माल जुळत नाही. सॉकेटच्या खोलीइतकी पेनने पाइपावर खूण करायची. शेवटी ती खूण फिटिंगच्या कडेला टेकली की पाइप पूर्ण आत गेला हे कळतं. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसायचे. सिमेंटची धूळ आणि ओल, दोन्ही जोडाचे वैरी.

सोल्युशन आधी पाइपाला, नीट जाडसर. मग सॉकेटच्या आत पातळ हात. आत भरपूर ओतलं तर गोळा साठून पाइपाचं तोंडच अरुंद होतं. लगेच पाइप आत घालून पाव फेरा फिरवायचा आणि तीसेक सेकंद दाबून धरायचा. सोडला तर जोड स्वतःहून थोडा मागे सरकतो, हे बोटांना जाणवतं. बाहेर कडेने सगळीकडे बारीक सलग रेघ दिसली पाहिजे. कुठे तुटली असेल तर तिथे आतही सोल्युशन नाही. वरून फासून उपयोग नाही. जोड कापून नवा करायचा.

आता याच टप्प्यातला सगळ्यात लाडका शॉर्टकट. कपलर (दोन पाइप सरळ जोडायचा तुकडा) संपला, दुकान लांब. मग कागद पेटवून किंवा शेगडीवर पाइपाचं टोक तापवतात, मऊ झालं की दुसऱ्या पाइपावर फुगवून चढवतात. एल्बो नसला की तसाच तापवून वाकवतात. फुगवलेल्या भागाची जाडी कमी होते, माप कुठेच सारखं राहत नाही, काळपट पडलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि वर त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. शेतात ठिबकच्या मुख्य लाइनवर कुणी असं केलं तर फुटल्यावर निदान दिसतं. भिंतीत हे चालवून घेऊ नका. कामाच्या सकाळीच प्रत्येक फिटिंगचे दोन-दोन नग जास्त आणून ठेवा, न वापरलेले दुकानदार बहुधा परत घेतो.

आणि एक: आवळायचे जोड, युनियन किंवा लवचीक कनेक्शन पाइप भिंतीच्या आत गाडू नका. ते कधीतरी पुन्हा आवळावे लागतात.

७. प्रेशर टेस्ट

‘टाकीचं पाणी सोडून बघितलं, एक थेंब नाही.’ हे वाक्य ऐकलं की हिशोब मांडायचा. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक किलो दाब. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि टाकी चार मीटर वर, तर नळाला दाब ०.४ किलो. एवढ्या दाबाला सोल्युशन न लावलेला, नुसता घट्ट बसलेला जोडही महिनोन्‌महिने पाणी धरून राहतो. पुढे तुम्ही शॉवरसाठी प्रेशर पंप लावता, दाब दोन-तीन किलोवर जातो, आणि तो विसरलेला कोरडा जोड टाइलमागे सुटतो. प्लंबरने फसवलेलंच असतं असं नाही. वीस-तीस जोडांत एखादा कोरडा बसवून बघितलेला तसाच राहून जातो.

टेस्ट अशी. शेवटच्या जोडानंतर चोवीस तास जाऊ द्या. सगळ्या पॉइंटना एन्ड प्लग (बूच) लावा. गिझर जोडलेला नसावा; त्याच्या दोन पॉइंटमध्ये नळी टाकून गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडा, म्हणजे दोन्ही एकदम तपासल्या जातात. पाणी भरताना सगळ्यात वरचा प्लग ढिला ठेवा, हवा पूर्ण निघू द्या. मग हातपंपाने दाब दहा किलोपर्यंत न्या. कन्सील्ड डायव्हर्टर (शॉवर-नळाकडे पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) आधीच बसवला असेल तर त्याच्या कागदावर किती दाब दिलाय ते पाहून घ्या. प्लास्टिक किंचित ताणतं, म्हणून पहिल्या काही मिनिटांत पंपावरच्या मीटरचा काटा थोडा उतरतो. पुन्हा दहावर आणा. त्यानंतर किमान दोन तास काटा हलता कामा नये. मी तर रात्रभर ठेवावं म्हणेन. रात्रीच्या गारव्याने काटा जरासा खाली येईल, पण एकसारखा घसरत असेल तर गळती आहे.

पंप नाही म्हणून कॉम्प्रेसरने हवा भरून टेस्ट करणारेही भेटतात. त्यांना साफ नाही म्हणा. पाणी दबत नाही, त्यामुळे जोड फुटला तर पाणी पिचकारी मारून थांबतं. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते आणि प्लास्टिकचे तुकडे अंगावर येतात.

टेस्ट पास झाली की प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मेजरिंग टेप भिंतीला लावून. पुढे आरसा किंवा हँडल बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्यावरून कळतं. जमलं तर टाइल लागेपर्यंत लाइन दाबाखालीच ठेवा; गवंड्याचा खिळा पाइपात गेला तर त्याच क्षणी कळेल.

८. गिझरचा ठिबकणारा व्हॉल्व्ह बंद करू नका

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह येतो. गिझर चालू असताना त्यातून थेंब-थेंब पाणी पडतं, टाइलवर डाग पडतो, आणि कुणीतरी त्याला प्लग किंवा एम-सील लावून मोकळं होतं. या लेखातला हा सगळ्यात जिवावरचा शॉर्टकट.

पाणी २५ वरून ७५ अंशांवर गेलं की सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. २५ लिटरच्या गिझरमध्ये हे अर्ध्या लिटरहून जास्त झालं. व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्नची सोय असल्याने ते मागे टाकीत जाऊ शकत नाही, नळ बंद असल्याने पुढेही नाही. ते त्या छिद्रातूनच बाहेर पडायला हवं. छिद्र बुजवलं आणि नेमका त्याच काळात थर्मोस्टॅट चिकटून बसला, तर टाकी फुटू शकते. ठिबकणं त्रासदायक वाटत असेल तर त्या छिद्राला बारीक नळी लावून ती नहाणीपर्यंत सोडा, दुसरं टोक उघडं ठेवून. गिझर बंद असतानाही धार चालू असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनचा दाब जास्त आहे, व्हॉल्व्ह बदला. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब चार-पाच किलोपर्यंत जातो, तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो.

९. सांडपाणी

इथे दाब नाही, म्हणून सगळेच सैल असतात. उतार मात्र मोजून घ्या: ११० मिलिमीटरच्या पाइपाला चाळीसला एक, म्हणजे पाच फुटांत दीड इंच. पाणसळ लावून तुमच्यासमोर बघू द्या. आडव्या लाइनला काटकोनी टी न लावता तिरक्या फाट्याचा वाय लावायचा, नाहीतर तिथेच तुंबतं. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीच्या जाळीखालच्या, साठलेल्या पाण्याने वास अडवणाऱ्या भांड्यात) ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. पाणी हळू जातं म्हणून आतली वाटी काढून टाकली की झुरळं आणि वास दोन्ही घरात. ट्रॅप बसवून, वॉटरप्रूफिंग करून तोंडं बंद करायची आणि बाथरूमच्या खड्ड्यात दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचं. खालच्या घरी आधी सांगून, त्यांच्या छताकडे रोज बघून यायचं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतल्या संडास-सिंकमुळे झालेल्या गळतीचा खर्च सभासदावर येतो, तेव्हा हे बघणं तुमच्याच फायद्याचं.

१०. घराबाहेरचे शॉर्टकट

महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. दंड आणि मोटर जप्त होणं हा एक भाग. खरा धोका असा की मोटर मुख्य लाइनमध्ये ओढ निर्माण करते, आणि जमिनीतल्या फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत येतं, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या दोघांच्याही. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत घ्या, मोटर त्या टाकीवर लावा. तसंच बोअरची आणि पालिकेची लाइन मधे एक कॉक टाकून जोडणंही नको. कॉक जुना झाला की दोन्ही पाणी मिसळतं. दोन्ही लाइन टाकीच्या वर, पाण्याच्या पातळीला न टेकता, वेगवेगळ्या सोडाव्यात.

गच्चीवरच्या उघड्या पाइपाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. शिवाय दहा मीटर सीपीव्हीसी ४० अंशांच्या फरकाने अडीच सेंटीमीटर लांब होतो. तेव्हा क्लॅम्प दर तीन फुटांना, पण पाइप सरकेल इतपत सैल, आणि लांब लाइनमध्ये एखादं वळण घेतलेलं हवं.

११. जुगाड कधी चालतो?

रात्री अकराला पाइप फुटला आणि प्लंबर सकाळी येणार, तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वरून क्लॅम्प आवळा. त्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, गिझरचा स्विच बंद करा, पाणी बोर्डाजवळ जातंय का बघा. एम-सील ओल्या पाइपाला धरत नाही. लाइन रिकामी करून, पुसून, मग लावा. दिसणाऱ्या पाइपावर ही पट्टी दोन-चार दिवस टिकते. भिंतीतून ओल येत असेल तर मात्र पट्टी कुठे बांधणार? व्हॉल्व्ह बंद ठेवा, बादलीने काम चालवा आणि सकाळी भिंत उघडा.